डायव्हर्जन लोड म्हणजे काय? बॅटरी फुल झाल्यावर पवनचक्कीची वीज जाते कुठे?

फोन रात्री चार्जिंगला लावला आणि झोपलो, तर पहाटे बॅटरी १०० टक्के होते आणि फोन वीज घेणं बंद करतो. चार्जरला त्याचं काही वाटत नाही. तो प्लगमध्ये तसाच पडून राहतो, फार तर किंचित कोमट लागतो. आपल्याला ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की घरावर सोलर किंवा छोटी पवनचक्की बसवतानाही वाटतं, बॅटरी फुल झाली की सगळं आपोआप थांबेल.

सोलरच्या बाबतीत हे खरं आहे. पवनचक्कीच्या बाबतीत नाही, आणि ते माहीत नसलं तर बॅटरी उकळते, कंट्रोलर जळतो, नाहीतर पातं तुटून शेजारच्या कौलांवर पडतं. हे होऊ नये म्हणून जादा वीज मुद्दाम कुठेतरी खर्च करणारं उपकरण लावतात. त्याला डायव्हर्जन लोड म्हणतात. बाजारात आणि तंत्रज्ञांच्या तोंडी ‘डम्प लोड’. बहुतेक वेळा तो म्हणजे गरम होणाऱ्या रेझिस्टरची एक जाळीदार पेटी, बस्स. पण ही पेटी किती मोठी घ्यायची आणि कुठे लावायची, यात बरेच जण फसतात.

मी बोरिवलीच्या बाजूला राहतो आणि सोलर-बॅटरीची छोटी-मोठी कामं करतो. खाडीपलीकडच्या गोराई, मनोरी, उत्तन पट्ट्यातून हा प्रश्न मला नेहमी येतो, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

सोलर थांबतं, पवनचक्की का थांबत नाही?

सोलर पॅनलची तार काढून ठेवली तर पॅनल उन्हात नुसतं तापतं. वीज कुठे वाहत नाही, नुकसान होत नाही. म्हणून सोलरचा कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनलकडून कमी कमी करंट घेतो आणि विषय संपतो.

पवनचक्कीत फिरणारी वस्तू आहे. वारा पात्यांना ढकलतो आणि जनरेटर वीज काढून घेताना त्यांना अडवतो. सायकलला डायनॅमो लावला की पेडल जड लागतं, तसंच. ही अडवणूक म्हणजेच पवनचक्कीचा ब्रेक. बॅटरी भरली म्हणून तुम्ही तार तोडली की ब्रेक गेला. वारा तेवढाच, अडवणारं कुणी नाही; पाती सुसाट सुटतात. वेग वाढला की जनरेटरचं व्होल्टेजही चढतं, आणि २४ व्होल्टच्या संचात १०० व्होल्ट दिसायला फार वेळ लागत नाही. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या छोट्या जलविद्युत संचाचंही हेच गणित. नेपाळच्या डोंगरांत आणि कर्नाटकातल्या मलनाडच्या बागांत असे संच चालतात. तिथे पाणी दिवसरात्र येतंच, म्हणून घरातले दिवे बंद झाले की उरलेली वीज आपोआप हीटरमध्ये वळवतात.

वाऱ्याची आणखी एक खोड आहे. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. १.८ मीटर व्यासाच्या पात्यांची चक्की घ्या. ताशी १४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात ती जेमतेम २५ वॉट देईल. सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरला तीच चक्की ६००-६५० वॉटपर्यंत जाते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या वाऱ्यात १२ मीटरच्या तुलनेत सुमारे १८ पट ताकद असते. अर्थात चांगली चक्की तेव्हा शेपूट दुमडून वाऱ्यापासून तोंड फिरवते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच चक्क्यांना ही सोय नसतेच, आणि त्यांच्या जाहिरातीतले वॉटही फार मनावर घेऊ नका.

गोराईत वीज असताना याची गरज कुणाला?

रास्त प्रश्न आहे. गोराई गावात वीज आहे. पण वाड्या, फार्महाऊस, खाडीकाठच्या शेड, जाळी आणि इंजिनं ठेवायच्या खोल्या असं बरंच काही मीटरपासून लांब असतं. शिवाय पावसाळ्यात झाड पडलं की लाइन जाते. म्हणून लोक सोलर घेतात, आणि जून ते ऑगस्टमध्ये ढगांमुळे सोलर मंदावतं तेव्हा समुद्रावरून वारा मात्र जोरात असतो, हे पाहून जोडीला छोटी चक्की उभी करतात. कल्पना चांगली आहे. राज्यात शाळा, आश्रमशाळा, फार्महाऊस अशा ठिकाणी सोलर आणि पवनचक्की मिळून चालणारे संच सरकारी योजनेतूनही बसले. ते काम महाऊर्जा पाहत असे.

माझं स्पष्ट मत: गोराईत नुसत्या विजेसाठी चक्की घेऊ नका. ऑक्टोबर ते मे वारा कमी, उंच मनोरा परवडत नाही, नारळांच्या आड वारा अडतो. त्याच पैशांत जादा पॅनल घ्या. आणि नुसतं सोलर असेल तर डायव्हर्जन लोडची सक्ती नाही, हा त्याचा दुसरा फायदा. पण चक्की आधीच उभी असेल, किंवा वारा खरंच मोकळा असलेल्या जागी ती हवीच असेल, तर पुढचं नीट वाचा.

आणखी एक गट आहे: ज्यांचा संच महावितरण, अदानी वगैरेंच्या ग्रिडला जोडलेला आहे. त्यांना वाटतं की जादा वीज ग्रिडला जाते, मग डम्प लोड कशाला? रोज ते खरं असतं. ग्रिड हाच त्यांचा डायव्हर्जन लोड. पण ग्रिडला वीज देणारा इन्व्हर्टर, लाइन गेली की नियमाने लगेच बंद व्हावाच लागतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. आणि गोराईत लाइन कधी जाते? वादळात. म्हणजे चक्की सगळ्यात जास्त वीज काढत असते नेमकी तेव्हाच तिला जायला जागा नसते. ग्रिड आहे म्हणून डायव्हर्जन लोड वगळलेला संच मी चालू करून देत नाही.

जाता जाता, गोराईत ही कल्पना एका वेगळ्याच रूपात नांदते आहे. अलीकडच्या काठावर, म्हणजे बोरिवलीच्या बाजूला, जुनं डम्पिंग ग्राउंड आहे. २००७ साली तिथे कचरा टाकणं बंद झालं. मग ढिगारा झाकून, त्यात विहिरी घेऊन आतला मिथेन वायू गोळा करायची आणि जाळायची व्यवस्था झाली. कुजणाऱ्या कचऱ्याला ‘आता वायू नको’ असं सांगता येत नाही. वापरता आला तर उत्तम, नाही आला तर सुरक्षितपणे जाळायची जागा हवीच. डम्प लोडचं काम याहून वेगळं नाही.

किती वॉटचा लोड? एक पूर्ण हिशोब

गोराईतल्या एका वाडीचा संच असा होता: वर सांगितलेली ६०० वॉटची चक्की, ८०० वॉटचं सोलर, २४ व्होल्टची २०० अँपिअर-अवर ट्यूबुलर लेड-अ‍ॅसिड बॅटरी. घरात दिवे, पंखे, एक छोटा पंप.

सर्वात आधी, लोड कशासाठी मोजायचा? सरासरीसाठी नाही. सर्वात वाईट तासासाठी: रात्रीचे दोन, बॅटरी भरलेली, घरात सगळे झोपलेले, बाहेर जोराचा वारा. त्या तासाला चक्कीची सगळीच्या सगळी वीज एकट्या डायव्हर्जन लोडने खाल्ली पाहिजे. घरचे पंखे चालू असतील, तेवढं कमी धरू, हा हिशोब इथे चालत नाही.

६०० वॉट हा आकडा एका ठरावीक वाऱ्याचा आहे. झोतात चक्की त्याच्यावर जाते, म्हणून मी शिखर ७५० वॉट धरलं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने सोलर चार्जिंगसाठी नियम घातला आहे की डायव्हर्जन लोडची क्षमता स्रोताच्या किमान १५० टक्के असावी. तोच दंडक मी चक्कीलाही लावतो: ६०० च्या दीडपट म्हणजे ९०० वॉट. त्याच कोडमध्ये वरची मर्यादाही आहे, आणि ती लोक विसरतात. लोड जो करंट ओढेल तो डायव्हर्जन कंट्रोलरच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावा. म्हणजे ‘मोठा घेतला की सुरक्षित’ असं नाही. फार मोठा लोड कंट्रोलरलाच जाळेल. खालून चक्की आणि वरून कंट्रोलर, या दोघांमध्ये लोड बसला पाहिजे.

आपला कंट्रोलर ४५ अँपिअरचा. मॉर्निंगस्टार कंपनीच्या ट्रायस्टारसारखे काही कंट्रोलर सेटिंग बदलून डायव्हर्जनसाठी वापरता येतात. प्रत्येक सोलर कंट्रोलर येत नाही, मॅन्युअल बघा.

आता रेझिस्टर. २४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरताना २८.८ व्होल्टपर्यंत जाते. गणित २४ वर नाही, २८.८ वर करायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यातले ५.६ ओहम, ३०० वॉटचे रेझिस्टर मिळतात. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट, हे शाळेतलं सूत्र: २८.८ गुणिले २८.८ भागिले ५.६, आले १४८ वॉट. असे सात समांतर जोडले की १०३७ वॉट आणि ३६ अँपिअर. ९०० च्या वर, ४५ च्या खाली.

एक प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो: ३०० वॉटचा रेझिस्टर १४८ वरच का चालवायचा, चारच मोठे का नाही घ्यायचे? कारण त्यावर छापलेले ३०० वॉट मोठ्या धातूच्या पत्र्यावर नीट बसवला तरचे असतात. गोराईत मे महिन्यात बंद पेटीत तेवढे कधीच मिळणार नाहीत. अर्ध्यावर चालवला की वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं, सातपैकी एक जळला तरी सहा उरतात आणि ८८९ वॉट खातात, म्हणजे शिखराचे ७५० अजूनही झेपतात. एकच मोठा रेझिस्टर असता तर तो तुटला त्या रात्री काहीच उरलं नसतं.

दोन टोकं तपासून पाहायची. बॅटरी फ्लोटवर असताना व्होल्टेज २७.२ च्या आसपास असतं. तेव्हा सात रेझिस्टर ९२५ वॉट खातात, पुरेसे. आणि महिन्यातून कधी तरी बॅटरीला ३१ व्होल्टपर्यंत इक्वलाइझ केलं तर करंट ३९ अँपिअर होतो, ४५ च्या आतच. झाला हिशोब.

तार आणि फ्यूजसाठी मी कंट्रोलरच्या ४५ अँपिअरच्या दीडपट, म्हणजे साधारण ६८ अँपिअर धरतो. तारेच्या कंपनीच्या तक्त्यात त्यावर क्षमता दिसली पाहिजे. अंतर कमी असेल तरी मी २५ चौरस मिलिमीटर तांबं घालतो. फ्यूज डीसीचाच हवा. घरातला साधा एसी एमसीबी डीसी ठिणगी विझवेलच याची खात्री नसते.

सोलरचं काय? ते डायव्हर्जन लोडवर टाकू नका. सोलरचा स्वतःचा कंट्रोलर २८.४ व्होल्टवर थांबेल असा ठेवा आणि डायव्हर्जन २८.८ ला सुरू होऊ द्या. वारा आला की आधी सोलर मुकाट्याने मागे सरतं आणि मग उरलेलं रेझिस्टरकडे जातं. उलटं सेटिंग केलं तर भर दुपारी ८०० वॉट ऊन निव्वळ पेटी तापवण्यात जातं, वर लोडचा सगळा हिशोब चुकतो. उन्हाळ्यात बॅटरी गरम असताना हे व्होल्टेज थोडं खाली आणावं लागतं, म्हणून कंट्रोलरसोबत येणारा तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवा, खोक्यात ठेवून देऊ नका.

गीझरचा रॉड लावला तर?

हा जुगाड मी सर्वात जास्त वेळा पाहिला आहे. बादलीत पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड दुकानात सहज मिळतो. तोच बॅटरीला जोडला की झाला डम्प लोड, असं वाटतं. पण १५०० वॉट हे २३० व्होल्टवरचे. त्या रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम. २८.८ व्होल्टवर तो खातो फक्त साडेतेवीस वॉट. ७५० वॉटच्या चक्कीपुढे हे म्हणजे पुरात पाण्याला हाताने अडवण्यासारखं. २४ किंवा ४८ व्होल्टसाठीच बनवलेला पाणी तापवणारा एलिमेंट घ्यायचा, किंवा रेझिस्टर.

मोटर, पंप, पंखे, एलईडी दिवे हे डायव्हर्जन कंट्रोलरला थेट जोडायचे नाहीत. तो कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून लोड कमी-जास्त करतो. साधा तापणारा लोड ते सहन करतो, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स नाही. जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब लावणारेही आहेत, पण थंड बल्ब सुरू होताना आपल्या नेहमीच्या करंटच्या दहापट ओढू शकतो. कंट्रोलरला तो धक्का कशाला?

पाणी तापवू, बर्फ करू: ‘फुकट’ वीज वापरायची आहे

इथे सगळ्यांचे डोळे चमकतात. वीज जाळायचीच आहे तर आंघोळीचं पाणी का तापवू नये? तापवा. पण आधी आकडा पाहा. ५० लिटर पाणी २७ अंशांवरून ७७ अंशांवर न्यायला सुमारे २.९ युनिट लागतात. ६०० वॉटने ते पाच तासांत होतं. जुलैतली वाऱ्याची रात्र दहा तासांची. उरलेल्या पाच तासांत काय? टाकीला थर्मोस्टॅट असेल तर तो पाणी तापल्यावर तार तोडतो, म्हणजे तुमचा डायव्हर्जन लोड नेमका मध्यरात्री गायब. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी उकळतं. शिवाय गीझरचा थर्मोस्टॅट एसीसाठी असतो, डीसीवर त्याचे संपर्क ठिणगीने चिकटू शकतात.

उपाय आहे. पाण्याची टाकी पहिला लोड, हवेत तापणारी रेझिस्टरची पेटी दुसरा. पहिला थोड्या कमी व्होल्टेजला सुरू होतो. तो भरला किंवा तुटला की व्होल्टेज वर सरकतं आणि दुसरा घेतो. पण दुसरा एकट्याने पूर्ण ७५० वॉट खाण्याइतका मोठा असलाच पाहिजे. टाकीचे वॉट त्यातून वजा करायचे नाहीत. म्हणजे टाकीने खर्च वाढतो, वाचत नाही. बदल्यात पावसाळ्यात गरम पाणी मिळतं.

कोळीवाड्यात मला बर्फाबद्दल विचारतात. मासळीला बर्फ लागतो, जादा विजेवर डीप फ्रीझर चालला तर? गंमत अशी की गोराईत वारा जोरात असतो जून-जुलैत, आणि त्याच काळात, १ जूनपासून, यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बर्फाची गरज सर्वात कमी असते तेव्हाच चक्कीची वीज सर्वात जास्त. ऑक्टोबरनंतर बोटी रोज जातात तेव्हा ऊन आहे, वारा नाही. म्हणून बर्फासाठी चक्कीचं डायव्हर्जन बघू नका, सोलरची दुपारची उरलेली वीज बघा. अकरा-साडेअकराला बॅटरी भरली की कंट्रोलरच्या अ‍ॅपमध्ये पॅनलचे वॉट ७०० वरून १०० च्या खाली घसरलेले दिसतील. ऊन कमी झालेलं नसतं, घेणारं कुणी नसतं. ती वीज फ्रीझरला, पंपाला देता येते, आणि नाही दिली तरी काही बिघडत नाही.

हा फरक मनात पक्का ठेवा. एक बचावाचा लोड असतो, एक उपयोगाचा. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये पुण्याच्या ग्राम ऊर्जाने ९.४ किलोवॉटचा सोलर मायक्रोग्रिड उभा केला, ३९ घरांसाठी. तिथे घरांच्या दिव्यांबरोबर पिठाची गिरणी आणि पाण्याचा पंपही त्याच विजेवर. दिवसा ऊन असताना गिरणी चालवली तर बॅटरीवर ताण नाही, आणि बंद ठेवली तरी धोका नाही, कारण स्रोत सोलर आहे. हा उपयोगाचा लोड. स्कॉटलंडच्या आयल ऑफ एग बेटावर २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन मिळून बेटाची स्वतःची वीज आहे. तिथली जादा वीज सार्वजनिक इमारती गरम करायला जाते. थंड प्रदेशात बचाव आणि उपयोग एकाच हीटरमध्ये बसतात. आपल्याकडे मे महिन्यात खोली गरम करून घ्यायला कुणी येणार नाही, म्हणून आपल्याला दोन्ही वेगळे ठेवावे लागतात.

उपयोगाचा लोड फोनवरून चालवायला हरकत नाही. स्मार्ट प्लग लावा, ‘बॅटरी ९५ टक्के झाली की पंप सुरू’ असं ठेवा, मजा येते. बचावाचा लोड मात्र वायफाय, अ‍ॅप, क्लाउड, मोबाइल टॉवर यांपैकी कशावरही अवलंबून नसावा. वादळात गोराईचं नेटवर्क सगळ्यात आधी जातं, हे तिथल्या कुणालाही विचारा.

पेटी कुठे लावायची?

सात रेझिस्टर मिळून एक हजार वॉट, म्हणजे खोलीतल्या हीटरएवढी उष्णता. पृष्ठभाग सहज हात भाजेल इतका तापतो, आणि हे कुणी बटण दाबून होत नाही. घरात कुणी नसतानाही होतं. गोराईतल्या घरांत माळ्यावर नायलॉनची जाळी, थर्माकोलचे खोके, सुक्या झावळ्या ठेवलेल्या असतात. त्या खोलीत ही पेटी लावलेली मी पाहिली आहे, आणि त्याच दिवशी मालकाकडून ती काढून घेतली. जागा हवी बाहेरच्या विटांच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर, वर पत्र्याचं छत, खाली-वर हवा खेळती, चारी बाजूंना जाळी, मुलांच्या हातापासून उंच.

बॅटरीच्या खोलीतही नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीवर पेट घेतो. डायव्हर्जन लोड चालू असतो नेमका बॅटरी भरलेली असतानाच.

खारी हवा तर सगळ्याची शत्रू. बाहेरच्या जोडांना गंज चढतो, गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, आणि लोड कागदावर हजार वॉट असला तरी प्रत्यक्षात सहाशेच खातो. स्टेनलेस नट-बोल्ट, कलई केलेले लग आणि जोडांवर ग्रीस, यात कंजुषी नको.

लिथियम बॅटरी असेल तर वेगळी सावधगिरी

आता बरेच जण लेड-अ‍ॅसिड काढून लिथियम फॉस्फेट बॅटरी बसवतात. सोलरला ती उत्तम. चक्कीला तिच्यात एक सापळा आहे. या बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाचं सर्किट असतं. एखादा सेल जास्त भरला, की ते कुणाला न विचारता चार्जिंगची वाट तोडतं. तुमचा डायव्हर्जन कंट्रोलर बॅटरीच्या व्होल्टेजवर चालतो. बॅटरीच अदृश्य झाली की चक्कीचं व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलर, इन्व्हर्टर दोन्ही जाऊ शकतात.

म्हणून लिथियमसोबत डायव्हर्जन बीएमएसच्या मर्यादेच्या बरंच खाली सुरू झालं पाहिजे, आणि त्याशिवाय चक्कीच्याच बाजूला, बॅटरीच्या आधी, दुसरा स्वतंत्र लोड हवा, जो बॅटरी नसतानाही काम करतो. काही पवन-सोलर कंट्रोलरसोबत असा लोड येतोच. लेड-अ‍ॅसिडलाही एकाच कंट्रोलरवर विसंबू नका. अमेरिकेच्या त्याच कोडप्रमाणे चार्जिंगवर फक्त डायव्हर्जनचाच ताबा असेल तर दुसरा स्वतंत्र बचाव लागतो.

कंट्रोलर उलटाही बिघडू शकतो: कायम चालू. मग वारा नसतानाही हजार वॉट बॅटरीतून जातात आणि ४.८ युनिटची बॅटरी पाचेक तासांत संपते. फ्यूज उडत नाही, कारण करंट नेहमीचाच असतो. व्होल्टेज घसरल्यावर वाजणारा एक साधा अलार्म लावा.

पाऊस येण्याआधी तपासणी

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वारा मंद असलेल्या सकाळी हे करा. चक्कीचा ब्रेक स्विच टाकून, म्हणजे तिच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून, ती थांबवा. हा ब्रेक मंद वाऱ्यात घालायचा, तुफानात नाही. तेव्हा तो जनरेटरची वाइंडिंग जाळू शकतो किंवा पाती थांबतच नाहीत. मग डायव्हर्जनचं व्होल्टेज तात्पुरतं २५ वर आणा. बॅटरी त्याच्या वर असेल तर लोड सुरू होईल. क्लॅम्प मीटरने करंट मोजा. मीटर डीसी मोजणारा हवा, साधे बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात. २६ व्होल्टला सात रेझिस्टर पूर्ण चालू असतील तर साडेबत्तीस अँपिअर दिसले पाहिजेत. २८ च्या आसपास दिसले तर एक रेझिस्टर मेला आहे किंवा एक जोड गंजला आहे. प्रत्येक रेझिस्टरच्या तारेवर क्लॅम्प फिरवला की कोणता ते दोन मिनिटांत कळतं. आकडे फोनमध्ये लिहून ठेवा, पुढच्या मेमध्ये ताडून बघायला लागतील. आणि व्होल्टेज परत २८.८ वर आणायला विसरू नका, नाहीतर बॅटरी वर्षभर अर्धीच भरेल.